वगळत गेले, तपासायचं राहिलं

पोटाला न मानवणारे पदार्थ शोधायचे असतील तर काही दिवस ते जेवणातून काढायचे आणि मग एकेक करून परत आणून बघायचे, ही पद्धत चांगली आहे. माझं तिच्याशी भांडण नाही. पण मी ती अशी काही राबवली, की वजन उतरलं, अंगातलं रक्त कमी झालं, डॉक्टरांना नसत्या शंका तपासत बसावं लागलं, आणि ज्या जळजळीसाठी हा सगळा घाट घातला होता ती जिथल्या तिथे राहिली. माझ्या ओळखीतल्या काहीजणी आता त्याच वाटेनं निघालेल्या दिसतात. म्हणून माझं कुठे आणि का चुकलं, ते हातचं न राखता लिहिते.

मला त्रास दोन होते. रात्री जेवून आडवं झालं की छातीच्या हाडामागे जळजळायचं, घशाशी आंबटकडू पाणी यायचं, कधी खोकत उठून बसावं लागायचं. आणि दिवसा पोट फुगायचं. शाळेत दुसऱ्या तासाला साडीच्या निऱ्या काचायला लागायच्या, खुर्चीत वाकून वह्या तपासणं नको व्हायचं. घरात या दोन्हींचं मिळून एकच निदान होतं, पित्त. मीही तेच धरून चालले. पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ यातच होतं.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास उतरताना ते उघडतं आणि परत मिटतं. ते नको तेव्हा सैलावलं, किंवा पोटातला दाब त्याला आवरला नाही, की जठरातलं आम्ल वर चढतं. जळजळ होते ती यानं. पोट फुगण्याचं कारण मात्र बरंच खाली, मोठ्या आतड्यात असू शकतं. कांदा, लसूण, गहू यांत फ्रुक्टन नावाच्या शर्करा असतात आणि त्या तोडणारा पाचकरस माणसाच्या लहान आतड्यात नसतोच. तूर, हरभरा, राजमा यांतल्या काही शर्करांचंही तसंच. त्या न पचता मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. हे सगळ्यांच्याच पोटात चालतं. आतडं हळवं असेल त्याला ते सोसत नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी अशा शर्करांच्या गटाला फॉडमॅप हे नाव दिलं. २००५ मध्ये ते पहिल्यांदा छापून आलं. त्यावर बेतलेला आहार मुख्यतः आयबीएसच्या, म्हणजे हळव्या आतड्याच्या रुग्णांसाठी आहे. छातीतल्या जळजळीचं ते पथ्य नव्हे.

दोन्हींचा काही संबंधच नाही असंही नाही. २००३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी जळजळीच्या मोजक्या रुग्णांना फ्रुक्टनच्या जातीची शर्करा देऊन पाहिली. ती मोठ्या आतड्यात आंबली की वरचं ते कडंही जास्त वेळा सैलावतं, असं त्यांना आढळलं. पण संबंध आहे म्हणून दोन्ही दुखण्यांना एकच पथ्य लावायचं, हे बरोबर नाही.

मी तेच केलं. जळजळीसाठी वर्ज्य पदार्थांची एक यादी मिळवली: मिरची, टोमॅटो, तळण, चहा, कॉफी, चॉकलेट, पुदिना, आंबट फळं. दुसरी फॉडमॅपची: कांदा, लसूण, गहू, बऱ्याचशा डाळी-कडधान्यं, दूध, आंबा, सफरचंद, मध, फ्लॉवर. दोन्ही एकत्र केल्या आणि एका सोमवारी सगळं बंद केलं. हातात उरलं काय, तर भात, ज्वारीची भाकरी, बटाटा, दुधी, पडवळ, काकडी, गाजर, तूप.

आमच्या कराडकडच्या स्वयंपाकात कांदा-लसूण मसाल्यावाचून पान हलत नाही. उन्हाळ्यात वर्षाचा एकदम करायचा, मिरच्या वाळवायच्या, कांदा-लसूण, खोबरं, धणे परतून घ्यायचे, कांडपावरून कुटून आणायचा आणि बरणीत दाबून भरायचा. आमटीला तोच, उसळीला तोच, पिठल्यालाही वर तोच. त्या एका चमच्यात कांदा, लसूण आणि मिरची तिन्ही आहेत. तो बंद केला की दोन्ही याद्यांतलं बरंचसं एका फटक्यात जातं. पुढे थोडं बरं वाटलं, तेव्हा ते कांदा सुटल्यामुळे की लसूण सुटल्यामुळे की मिरची, हे कळायला मार्गच राहिला नाही. एकेक गोष्ट वेगळी करून बघायला मी निघाले होते आणि सुरुवातीलाच सगळ्याची मोट बांधून बसले.

पहिल्या पंधरवड्यात पोट हलकं झालं, हे खरं. निऱ्या काचेनात. मला इतका आनंद झाला, की त्या आरामालाच मी पुरावा मानलं. जे सोडलं ते सगळं माझ्यासाठी विष आहे, अशी मनाची खात्री झाली. नियमानं बघायला गेलं तर हे वगळणं दोन ते सहा आठवड्यांपुरतं असतं. त्यानंतर एकेक गट परत आणून तपासायचा, आणि जे सोसतं ते सगळं ताटात परत घ्यायचं. मी हे वाचलं होतं. वाचून बाजूला ठेवलं. बरं वाटतंय तर उगीच कशाला डिवचायचं, हा माझा विचार. त्यामागे भीती होती, हे आता कळतं. पुन्हा तसं फुगलेलं पोट नको होतं, आणि त्या भीतीला मी शिस्त असं नाव दिलं होतं.

याच पद्धतीच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिक यांना गव्हाचा संशय होता. सिलिअ‍ॅक या आजाराची त्यांची लहान पेशंट मुलं गव्हानं खंगतात, असं त्यांना वाटत होतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या शेवटी, तिथे भीषण उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. आजूबाजूला लोक भुकेनं मरत असताना ही मुलं सुधारायला लागली. पण नुसत्या सुधारण्यानं गोष्ट पुरी झाली नाही. मदतीचा पाव आला, मुलांच्या खाण्यात गहू परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. तेव्हा संशय पक्का झाला. खरी माहिती पदार्थ परत आल्यावर मिळते. मी तो परत आणण्याचा भागच टाळत होते.

हेच माझ्या सासूबाईंनी एकाही पुस्तकाशिवाय मला विचारलं होतं. त्या आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं खात नाहीत. कांदेनवमीला सगळ्यांना भजी खाऊ घालतात आणि मग एकादशीपासून बंद. चातुर्मास संपला की पहिली भाजी भरल्या वांग्याची. माझं पथ्य काही आठवडे बघून त्या म्हणाल्या, "अगं, मी सोडते ते कधी धरायचं हे ठरवूनच. तुझं धरायचं कधी?" मी म्हणाले, "आई, तुमचं व्रत आहे, माझं दुखणं आहे." त्या गप्प झाल्या. उत्तर मी त्यांना दिलं, पण प्रश्न त्यांचाच बरोबर होता.

या काळात जळजळ मात्र हटत नव्हती. मग मी वगळलेल्यांत भर घालायला लागले. आज शेंगदाणे, उद्या पेरू, परवा तीळ. ज्या रात्री जळजळलं त्या रात्रीच्या ताटातलं काहीतरी दोषी, असा सरळ हिशोब. यात दोन घोटाळे होते. जळजळ साधारण जेवणानंतर तासा-दोन तासांत उमटते, त्यामुळे तिचा माग त्या जेवणाशी लागू शकतो. पण आंबणाऱ्या शर्करा मोठ्या आतड्यापर्यंत पोचायलाच काही तास लागतात, कधी दुसरा दिवस उजाडतो. सकाळी फुगलेल्या पोटाचा दोष मी सकाळच्या पोह्यांना देत होते. कारण बहुधा आदल्या दुपारच्या डब्यात असायचं. मी रोज वहीत काय खाल्लं ते लिहायचे. किती वाजता, किती, आणि त्रास नेमका किती वाजता, हे लिहायचंच राहिलं. वेळ नसलेली ती वही मला काहीच सांगू शकत नव्हती.

ताटातून काढलेल्याच्या जागी मी जे आणलं, त्यानंही घात केला. डाळ गेली, कडधान्य गेलं, दूध गेलं, म्हणजे पोट भरणार कशानं? भातावर तूप वाढलं. उपवास नसताना साबुदाण्याची खिचडी होऊ लागली, भरपूर तुपात परतलेली. तळण बंद केलं याचं समाधान होतं, पण पोटात जाणारी चरबी आधीपेक्षा वाढली होती. स्निग्ध पदार्थ जठरात जास्त वेळ रेंगाळतात आणि ते कडंही सैलावतं. पुदिन्याचा तर मी अगदी उलटा उपयोग केला. पोटफुगीला पुदिना चांगला असं ऐकून रात्री पुदिन्याचा काढा घ्यायला लागले. पुदिन्यानं आतड्याचे स्नायू सैल पडतात, म्हणून मुरडा आणि फुगारा कमी होऊ शकतो. पण तोच सैलपणा वरच्या कड्यालाही येतो. जळजळीच्या यादीत पुदिना वर्ज्य म्हणून लिहिलेला मी स्वतःच्या हातानं उतरवून घेतला होता. एका दुखण्याचं औषध दुसऱ्या दुखण्याला वाढवत होतं आणि मी दोन्हींना पित्तच म्हणत होते. फार जळजळलं की लिंबूपाण्यात सोडा घालून प्यायचे. ढेकर येऊन क्षणभर मोकळं वाटायचं. पण प्रत्येक ढेकरेला ते कडं उघडतं आणि खालचं आम्ल वर येतं.

गोळीची चूक सगळ्यांत मोठी. औषधाच्या दुकानातून पॅन्टोप्राझोल आणून मी कित्येक महिने घेत होते, डॉक्टरांना न विचारता, आणि तीही रात्री जळजळ सुरू झाल्यावर. ही गोळी जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद करते, पण त्या वेळी जे चालू असतात तेच. पंप चालू होतात जेवणानं. म्हणून ती खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. मी ती घ्यायचे तेव्हा जेवण होऊन गेलेलं असायचं, आणि मग गोळीचाही गुण येत नाही म्हणून खिन्न व्हायचे.

वगळण्याचा आहार सुरू करून महिना झाल्यावर, आता पथ्यानंच बरं व्हायचं या जिद्दीनं, मी गोळी एका दिवसात बंद केली. पुढचे काही आठवडे इतकी आग झाली की भाकरीचा घासही नको वाटे. बरेच दिवस दाबून ठेवलेलं आम्ल गोळी सुटल्यावर काही काळ आधीपेक्षा जोरानं सुटतं, हे मला माहीत नव्हतं. २००९ साली डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. निम्म्यांना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली आणि बंद केली. त्यांतल्या ४४ टक्क्यांना नंतरच्या आठवड्यांत जळजळ, आंबट पाणी असा त्रास झाला. नुसती बिनऔषधाची गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. ही माणसं मुळात आजारी नव्हती, हे लक्षात घेण्यासारखं आहे. माझी आग गोळी सोडल्याची होती. मी तिचा दोष गाजराला दिला, मग काकडीला दिला, आणि दोन्ही ताटातून गेले.

शेवटी डॉक्टरांकडे गेले ती शाळेत जिना चढताना दम लागायला लागला म्हणून. त्यांनी आधी ईसीजी काढायला लावला. मला ते अनावश्यक वाटलं, मी तसं बोललेही. ते म्हणाले, "पन्नाशीतल्या बाईच्या छातीत जळजळतं आणि तिला दम लागतो, तर मी आधी हृदयच बघणार." इतके महिने छातीतल्या प्रत्येक कळेला मी पित्त म्हणत होते आणि दुसरी शक्यता एकदाही मनात आणली नव्हती. ईसीजी ठीक आला. हिमोग्लोबिन मात्र नऊच्या घरात होतं, बी-१२ कमी होतं आणि वजन पाच-सहा किलोंनी उतरलेलं होतं.

आता डॉक्टरांची पंचाईत झाली. जळजळीच्या रुग्णाचं वजन आपोआप उतरलं, रक्त कमी झालं, गिळताना अडकायला लागलं, शौचाला काळी व्हायला लागली, तर ही धोक्याची लक्षणं मानतात. त्यांतली दोन माझ्यात होती. ती आजारानं आली की माझ्या ताटानं, हे बाहेरून कळणार कसं? एंडोस्कोपी करावी लागली. ती होऊन अहवाल येईपर्यंत घरातल्यांनी जे सोसलं ते मी विसरू शकत नाही. हे रात्री उठून दोनदा बघून जायचे, मी झोपलेय की जागी. मुलगा पुण्याहून कामं टाकून आला. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला थोडी सूज आणि लहानसा हायेटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छाती आणि पोट यांमधल्या पडद्यातून किंचित वर सरकलेला, एवढंच निघालं. जठरातल्या एच. पायलोरी जीवाणूचा तपासही साफ आला.

राहिला गहू. डॉक्टरांना सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करायची होती. "गहू खाताय ना?" त्यांनी विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, दोन महिने गव्हाला शिवलेली नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. या तपासणीत गव्हामुळे शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं ती मोजतात. गहूच बंद असेल तर ती ओसरतात आणि आजार असूनही तपासणी साफ येऊ शकते. खरं उत्तर हवं तर निदान सहा आठवडे रोज गहू खाऊन मग रक्त द्यायचं. गहू सोडण्याआधी एकदा रक्त दिलं असतं तर एका दिवसाचं काम होतं. ते मी स्वतःच्या हातानं कित्येक आठवड्यांवर नेलं. सिलिअ‍ॅक खरंच असतं तर ते आणखी वाईट ठरलं असतं. त्या आजारात गहू जन्मभर काटेकोर सोडावा लागतो, अगदी हिंगाच्या डबीत पीठ मिसळलेलं आहे का तेही बघावं लागतं. मी अर्धवट सोडून, निदान न करता, तशीच बसले असते.

पुन्हा चपाती खायची या विचारानं मला रडू आलं होतं. खाल्ली. पहिल्या आठवड्यात थोडं फुगलं, मग दोन चपात्यांनी काहीच होईना. तपासणी साफ आली, आणि या वेळी तिच्यावर विश्वास ठेवता येत होता.

डॉक्टरांनी मला आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं, माझ्या मुलाच्याच वयाची. तिनं माझी वही चाळली आणि पहिला प्रश्न विचारला, "काकू, रात्री जेवता किती वाजता?" हा प्रश्न इतक्या महिन्यांत मी स्वतःला विचारला नव्हता. आमचं दुकान साडेनवाला बंद होतं. हे घरी येऊन हातपाय धुऊन पानावर बसेपर्यंत दहा वाजतात. लग्न झाल्यापासून मी यांच्यासाठी थांबते. नंतर झाकपाक, ओटा, आणि साडेदहा-पावणेअकराला आडवं होणं, कारण सकाळी लवकर शाळा. म्हणजे जठर भरलेलं असतानाच मी रोज आडवी होत होते. जठर बऱ्यापैकी रिकामं व्हायला दोन-तीन तास तरी द्यावेत, एवढी साधी गोष्ट. ताटात काय आहे यावर मी इतका जीव काढला होता आणि ताट किती वाजता मांडलंय इकडे पाहिलंच नव्हतं.

कांदा सोडणं मला सोपं गेलं होतं. यांच्याआधी जेवणं फार जड गेलं. मी थांबते यात माझं प्रेम होतं आणि यांना त्याची सवय होती. पहिल्या दिवशी साडेसातला एकटीनं पान घेतलं, तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं. हे दहाला आले, माझं पान नाही हे बघून काही बोलले नाहीत, पण जेवले कमी. आम्ही दोन दिवस नीट बोललो नाही. मग मीच सांगितलं, की एंडोस्कोपीच्या आदल्या रात्री तुम्ही जागे होतात ते मला माहीत आहे, आणि तशी रात्र पुन्हा येऊ नये म्हणून हे आहे. आता मी साडेसातला सासूबाईंबरोबर जेवते. दहाला यांच्यासमोर नुसती बसते, वाढते, दिवसाचं बोलते. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले, साधारण सहा इंचांचे. त्याआधी मी उशांचा ढीग रचून झोपायचे. त्यानं कंबरेत वाकून पोटावर उलट दाब येतो. पलंगच डोक्याकडून उचलावा लागतो. आणि झोपायचं डाव्या कुशीवर, म्हणजे जठरातलं आम्ल त्या कड्याच्या पातळीखाली राहतं. गोळी डॉक्टरांनी परत सुरू केली, सकाळी, खाण्याआधी अर्धा तास. या सगळ्यानं महिन्याभरात रात्रीची जळजळ बरीचशी गेली. ताटातला एकही नवा पदार्थ त्यासाठी काढावा लागला नाही.

मग पोटफुगीकडे वळलो, वेगळं दुखणं म्हणून. एका वेळी एकच गट, तीन दिवस, रोज प्रमाण थोडं वाढवायचं, आणि बाकीचं जेवण तसंच ठेवायचं. त्रास झाला तर थांबायचं, पोट निवळू द्यायचं, मग पुढचा गट. वहीत वेळ लिहायची. पहिल्यांदा दूध. अर्धा कप दुधानं काही झालं नाही, मोठा पेला घेतला तेव्हा दोन तासांत पोट गडगडलं. म्हणजे चहापुरतं दूध माझं मला परत मिळालं. शिजलेला कांदा थोडा चालला, कच्चा नाही. लसणीनं मात्र तिन्ही वेळा फुगारा आला. इथे त्या मुलीनं मला एक गोष्ट शिकवली, ती मला कितीतरी आधी कळायला हवी होती. आमटीत पडलेल्या लसणीच्या पाकळ्या आणि कांद्याच्या फोडी बाजूला काढून मी रस तेवढा घ्यायचे आणि वगळल्याचं समाधान मानायचे. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, त्यामुळे आमटीच्या रसात ते सगळं आलेलंच असतं. तेलात ते उतरत नाही. म्हणून आधी तेलात लसूण तांबूस करून पाकळ्या काढून टाकायच्या आणि त्या तेलात पुढची फोडणी. वास सगळा राहतो. सासूबाईंनी पहिल्यांदा तशी आमटी चाखली तेव्हा लसूण घातलीय असं समजूनच त्यांनी वाटी पुढे केली.

तूरडाळीचं पातळ वरण एक वाटी सोसतं, दोन नाही. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी टाकून नव्या पाण्यात शिजवली तर त्या शर्करा काही प्रमाणात कमी होतात. अशी मुगाची उसळ मला चालते. मिरचीची तपासणी वेगळी केली, कारण ती जळजळीच्या यादीतली. दुपारी खाल्लेल्या तिखटानं काही होत नाही, रात्री होतं. वेळेचा भाग इथेही निघालाच. कांदा-लसूण मसाल्याची बरणी दुपारच्या भाजीत अर्ध्या चमच्यापुरती उघडते. टोमॅटो, शेंगदाणे, पेरू, तीळ, गाजर, काकडी यांपैकी कशानंच कधी काही झालं नव्हतं. ती सगळी मी इतके महिने उगीच टाकली होती. वजन हळूहळू भरतंय, रक्त वाढलंय. मटकी आणि राजमा अजून तपासायचे आहेत. गोळीचं प्रमाण डॉक्टर टप्प्याटप्प्यानं उतरवताहेत. या वेळी मी त्यात माझं काही घालत नाही.

गेल्या महिन्यात इस्लामपूरहून भाचीचा फोन आला. तिलाही पोट फुगतं, थकवा आहे, आणि कोणीतरी तिला गहू आणि दूध दोन्ही सोडायला सांगितलं होतं. "मावशी, तू केलंस ना ते, मला यादी पाठव," ती म्हणाली. मी यादी पाठवली नाही. माझ्या यादीत जे आहे ते माझ्या पोटाचं आहे. तिला सांगितलं, रोजच्यासारखी चपाती खात राहा आणि आधी डॉक्टरांकडे जाऊन सिलिअ‍ॅक, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठी रक्त दे. थकवा आहे म्हणतेस, तो कुठून येतोय ते कळू दे. ती थोडी नाराज झाली, तिला उद्यापासूनच सुरू करायचं होतं. पण सोमवारी जाऊन तिनं रक्त दिलं. अहवाल येईपर्यंत तिनं काहीही सोडलेलं नाही.